चाक नसलेले पिंजरे

घुमी दिवसभरात कुणाशी बोलते, हा प्रश्न आईच्या डोक्यातून जात नव्हता. कपडे वाळत घालताना, केर काढताना, तोच भुंगा.

घुमी तिची एकुलती एक लेक. बोलायला उशिरा लागली म्हणून मावशीने ठेवलेलं नाव तिशी ओलांडली तरी चिकटून होतं. लांबच्या एका शहरात, प्रयोगशाळेत ती उंदरांची देखभाल करायची. भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, वजनं लिहून ठेवायची. एवढं शिकून उंदरांची आया झाली, असं मावशी म्हणाली, तेव्हा घुमी म्हणाली होती, ते बरे, टोमणे तरी मारत नाहीत.

तिथे सध्या व्यायामाचा अभ्यास चालला होता. चाळीस पिंजरे, एकेकात एकच उंदीर, कारण दोन ठेवले तर कोण किती पळालं ते कळत नाही. वीस पिंजऱ्यांत पळायला चाक, वीस तसेच. तीन महिन्यांनी प्रत्येकाला काही मिनिटं पाण्याच्या भांड्यात सोडायचं, आणि तो किती वेळ हातपाय मारतो नि कधी नुसता तरंगत राहतो, ते घड्याळ लावून बघायचं. पळणारे उंदीर सहजी हार मानत नाहीत, असं हा अभ्यास चालवणाऱ्या मॅडमचं म्हणणं. त्याचं कारण त्यांना मेंदूतल्या रसायनांत शोधायचं होतं.

पण दोन्ही गटांत फरकच दिसेना. चाक नसलेलेही तितकेच नेटाने पोहत होते. मॅडमनी आधी घड्याळाला दोष दिला, मग पाण्याच्या तापमानाला, आणि आता नवी चाकं मागवून सगळं पहिल्यापासून करायला निघाल्या होत्या.

दोष कुठे आहे ते एकट्या घुमीला ठाऊक होतं. गेल्या रविवारी फोनवर, जेवलीस का, झोप लागते का, हे सगळं झाल्यावर तिने ते आईला सांगितलं. चाक नसलेले उंदीर कोपऱ्यात मुटकुळं करून बसायचे. तिला ते बघवायचं नाही. मग कुलूप लावण्याआधी ती त्यांना एकेक करून तळहातावर घ्यायची, बाहीवरून खांद्यापर्यंत चढू द्यायची. फक्त त्या वीस जणांना. बाकीच्यांची करमणूक चाकावर होतच होती, आणि चाकाने जे व्हायचं तेच या वीस जणांना तिच्या हाताने झालं होतं.

आईने कपाळाला हात लावला. "अगं, पण काही नियम असेल ना?"

"आहे. सगळ्यांना सारखंच हाताळायचं. मला माहीत होतं."

"मग कशाला घ्यायचीस?"

घुमी म्हणाली, "त्यांच्याशिवाय मला दिवसभरात कोण शिवतं, आई?"

अशा वेळी आई नेहमी जे करायची तेच तिने केलं, व्यवहाराचं बोलली. कुणी पाहिलं नाही ना, मग गप्प राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार?

घुमी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी मेसेज आला, जेवले. मंगळवारीही तेवढाच. बुधवारी काहीच नाही.

लहानपणी हातून काही फुटलं तर कुणी विचारायच्या आत घुमी तुकडे घेऊन समोर उभी राहायची. तशीच ती रविवारी उभी राहिली होती, आणि आपण तिच्या तोंडावर हात ठेवला, हे आईला गुरुवारी सकाळी भांडी घासताना कळलं. आता नवी चाकं येतील, नवे चाळीस उंदीर येतील, पुन्हा तीन महिने. मॅडमच्या समोर मान खाली घालून ही पोर वजनं लिहीत राहील, आणि या खेपेला कुणालाच हातात घेणार नाही.

सांगितलं तर नोकरी जाईलही. गेली तर गेली. आपण जाऊन तिच्याजवळ राहू, शेजारी झोपू, केसांना तेल लावू.

साडेदहाला घुमी मागच्या खोलीत एकटीच बाटल्या धूत असते. आईने हात पुसले. रविवारी मी चुकीचं सांगितलं, आजच मॅडमकडे जा, आणि मी संध्याकाळच्या गाडीने निघते आहे, एवढं बोलायचं, रडायचं नाही, असं ठरवून तिने फोन हातात घेतला.