हाजींनी पसंत केलेली कवायतीची रायफल

"उस्ताद, हाजी खड़ा है. जल्दी पास करो, खलास!" शेठ दारातूनच ओरडला.

रायफल माझ्या टेबलावर होती. तिचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, मी काढून हातात धरला होता आणि माझं डोकं फिरलं होतं.

मी मूळचा दापोलीचा. फौजेत आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. रिटायर झाल्यावर, नव्वदीच्या सुरुवातीला, बहरीनला मनामात शेठच्या जुन्या हत्यारांच्या दुकानात लागलो. गिऱ्हाईक बहुतेक दिवाणखान्यात टांगायला तलवार, खंजीर, बंदूक नेई. विकण्याआधी माल तपासणं हे माझं काम.

ही रायफल कवायतीची होती. अशा रायफलीला डी.पी., म्हणजे ड्रिल पर्पज, म्हणतात. झिजलेली, गोळीबारातून काढून टाकलेली रायफल रंगरुटांना खांद्यावर घेऊन परेड करायला देतात. चुकून कोणी गोळी घालू नये म्हणून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, भोक पाडतात. लाकडावर आणि लोखंडावर डी.पी. ठोकतात, वर पांढरा पट्टा रंगवतात. घेणाऱ्याने आधी हेच बघायचं.

इथे पट्टा नव्हता. आमच्या पॉलिशवाल्याने तो खरवडून काढला होता, कारण भिंतीवर रंगाचे पट्टे कोणाला आवडत नाहीत. डी.पी.ची अक्षरं घासून गेली होती. मी भिंग लावून चेंबर बघितलं. भोकात वेल्डिंग भरून वरून काळं केलेलं. बोल्टवरचा नंबर वेगळा, रायफलीवरचा वेगळा, म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. कुणीतरी मेलेल्या रायफलीला जिवंत केलं होतं.

बाहेर आलो. हाजी शेजारच्या मुहर्रक बेटावरचे, सत्तरीचे, रुबाबदार. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला जाऊन राहिलेले, त्यामुळे हिंदी बरी. नातवाचं लग्न होतं. लग्नात त्यांच्याकडे अरदा नाचतात, तलवारी आणि बंदुका घेऊन. पहिला बार घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने काढायचा. तो मान हाजींचा.

"हाजी, ये मफी झैन," ही चांगली नाही, मी म्हणालो. "दीवार पे लगाओ. चलाना नहीं."

"गोली कौन डालता है? खाली बारूद. आवाज़ के वास्ते."

हीच ती चूक. गोळी नसली तरी दारूचा दाब मागे येतोच, आणि मागे माणसाचं तोंड असतं. मी वेल्डिंग दाखवलं. काडतुसावर आपटणारी आतली पिन कापून देतो, हातात घेऊन खुशाल नाचा, असंही सांगितलं.

"आवाज़ नहीं, तो अरदा कैसा?" हाजी हसले.

शेठने मला बाजूला घेतलं. "उस्ताद, तुम्हारा व्हिसा मेरे पास है. धंदा खराब मत करो."

तरी पुन्हा हाजींसमोर जाऊन उभा राहिलो. "हाजी, मैं हाथ जोड़ता हूँ." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, शेठकडे बघून डोळा मिचकावला आणि रायफल घेऊन गेले.

लग्नात पहिला बार त्यांनीच काढला. वेल्डिंग उडालं. त्याचा तुकडा उजव्या डोळ्यात गेला आणि डाव्या हाताची बोटं गेली. नवरामुलगा शेजारीच उभा होता. त्याला काही झालं नाही, पण सगळ्यांसमोर आजोबांना उचलून गाडीत त्यालाच घालावं लागलं.

पोलीस आले. बघितलं ते मी सगळं सांगितलं. दुकानाला कुलूप लागलं आणि शेठने सगळ्यात आधी माझा व्हिसा कॅन्सल केला.

निघायच्या आधी हॉस्पिटलमध्ये गेलो. हाजी उशीला टेकून बसले होते, अर्धा चेहरा पट्टीत. मी सलाम केला. विचारलं, "हाजी, मैंने इतना बोला. आपने सुना क्यों नहीं?"

त्यांनी उरलेला डोळा माझ्याकडे वळवला.

"मैं सारी उमर दुकान में बैठा, उस्ताद. दुकान का आदमी एक माल को खराब बोलता है, तो दूसरा महंगावाला निकालता है. मैं समझा, अभी तू भी निकालेगा."

कवायतीची रायफल घेताना काय तपासायचं, असं आता गावात कोणी विचारलं तर मी पांढरा पट्टा, अक्षरं, भोक, नंबर सांगतो. आणि दुकानातला कोणी 'घेऊ नका' म्हणाला, तर तो पुढे दुसरा माल काढतो का, तेही बघा म्हणतो. मी काढला नव्हता.