शारजाच्या बर्फ कारखान्यातला गोलकीपर

डग गेल्याची बातमी आली तेव्हा मी शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून मुलाची वाट बघत होतो. दुबईहून परतताना तो रोजच्यासारखा ट्रॅफिकमध्ये अडकला होता. माझ्या फोनवर आलेला मेसेज नात सनाने वाचून दाखवला. डगची मुलगी मार्गारेट हिचा होता. वडील झोपेत गेले, त्रास झाला नाही, तुम्हाला आवर्जून कळवायचं असं त्यांनी सांगून ठेवलं होतं... एवढंच. "हू वॉज ही, दादा? युवर बॉस?" सनाने विचारलं. मी म्हटलं, कारखान्यात बॉस होता, आणि एका दुपारी हॉकीच्या मैदानावर माझा गोलकीपर. तिने "ओके" म्हणून फोन परत दिला. त्याला आता काही आठवडे झाले. मला रडू आलं नाही. नव्वदीच्या घरातला माणूस झोपेत जातो, त्यात रडण्यासारखं काय आहे? पण तो कोण होता हे या गावात आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, हे त्या संध्याकाळी लक्षात आलं. म्हणून हे लिहितो आहे.

साठच्या दशकाच्या मध्यावर मी रत्नागिरीहून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने इकडे आलो. तेव्हा अमिराती हे नावच नव्हतं. शारजा म्हणजे खाडीकाठची मातीची आणि प्रवाळाच्या दगडांची घरं, एक बाजार, गावाला लागून ब्रिटिशांचा विमानतळ आणि त्यांच्या फौजेचा तळ. आज जिथे आमच्या इमारती उभ्या आहेत तिथे ओहोटीला चिखल आणि भरतीला पाणी, बाकी काही नाही. मला एका बर्फाच्या कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत मिठाच्या पाण्याच्या टाक्या, त्यात बुडवलेले लोखंडी साचे, आणि भिंतीपलीकडे अमोनियाचे कॉम्प्रेसर धडधडत असत. साच्यातून निघालेल्या लाद्या गोणपाटात गुंडाळून मासळी बाजारात, इस्पितळात, तळावर जायच्या. बाहेर ऊन माणसाला भाजून काढायचं आणि आत आम्ही स्वेटर घालून लाद्या मोजायचो.

मी आलो त्याच वर्षी मशीनचा इंजिनिअर म्हणून डग हॅनली कॅनडाहून आला. तिशी नुकतीच ओलांडलेला, उंच, गालावर जुनी शिवण, आणि बोलताना मान किंचित डावीकडे वळवून समोरच्याकडे बघायची सवय. आम्हाला वाटलं, गोरा साहेब आहे, तोरा आहे. पहिल्याच दिवशी त्याने एका लादीवर तळहात ठेवला, ती उजेडाकडे वळवून मधला पांढुरका भाग बघितला आणि म्हणाला, "हा बर्फ घाईत केलाय." बर्फ हा बर्फ असतो, त्यात घाई काय नि सावकाशी काय, असं आम्हाला वाटलं. त्याने टाकीतलं तापमान थोडं चढवलं. लादी व्हायला वेळ जास्त लागू लागला, मॅनेजरने कुरकुर केली, पण लाद्या काचेसारख्या निघायला लागल्या आणि बाजारापर्यंत टिकायलाही लागल्या. गावातले अरब कोळी त्याला 'अबू थल्ज' म्हणू लागले. बर्फाचा बाप.

आमची खरी ओळख एका गैरसमजातून झाली. रत्नागिरीला शाळेत मी हॉकी खेळलो होतो, आणि इथेही आमची एक टीम होती. कोकणातली मुसलमान पोरं, काही गोवेकर, दोन सिंधी. टीमचे कर्तेधर्ते म्हसळ्याचे हमजाभाई. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि आमच्या शर्टांवरचे नंबर त्यांनीच शिवलेले. एकदा माझी स्टिक स्टोअरच्या कोपऱ्यात उभी होती. डगने ती उचलली, वजन बघितलं, आणि विचारलं, "हे काय?"

"हॉकी स्टिक, साहेब."

तो बराच वेळ त्या वळलेल्या टोकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मीही हॉकी खेळायचो. त्याचे मला पैसे मिळायचे." मी विचारलं, कुठल्या मैदानावर? तो म्हणाला, "बर्फावर." मला वाटलं, थट्टा करतोय.

नंतर दुपारच्या चहाला तो स्टोअरमध्ये येऊन बसू लागला, आणि तुकड्यातुकड्याने त्याने सांगितलं ते असं. कॅनडाच्या उत्तरेला एका खाणीच्या गावात त्याचा जन्म. वडील खाणीत नव्हते. गावच्या रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा बर्फ राखणं हे त्यांचं काम. पिंपातून गरम पाणी ओढत न्यायचं आणि पातळ थर पसरायचा, तो गोठला की दुसरा, मग तिसरा. गरम पाण्याचा बर्फ कडक आणि नितळ होतो, हे डग चालायला लागला तेव्हापासून बघत होता. थोरला भाऊ खेळायचा आणि त्याला चेंडू मारायला कुणीतरी समोर हवं, म्हणून हा गोलकीपर झाला. चेंडू नव्हेच तो, टणक रबराची चकती. त्या काळी गोलकीपर तोंडावर काही घालत नसत. पोरांच्या भुवया, हनुवट्या सगळ्या शिवलेल्या. मिसरूड फुटायच्या वयात तो दुसऱ्या गावच्या टीमकडे गेला, एका विधवा बाईच्या घरी राहिला, सकाळी शाळा आणि संध्याकाळी बर्फ. पुढे एका धंदेवाईक क्लबने त्याला करारावर घेतलं. खालच्या लीगमधला क्लब. हिवाळाभर बसमधून या गावाहून त्या गावी, सीटखाली ओले पॅड, खिडकीवर आतून गोठलेली वाफ. "तुला सांगतो यूसुफ," तो म्हणाला होता, "ती बस मला सगळ्यात जास्त आवडायची. बसमध्ये कुणी गोल मारत नाही."

मग वरच्या लीगमधल्या एका टीमचा गोलकीपर आजारी पडला आणि याला बोलावणं आलं. जे ऐकायला तिथला प्रत्येक पोरगा झुरतो ते बोलावणं. तो पाच-सहा सामने खेळला. वडील गावातल्या दुकानात रेडिओजवळ उभे राहून ऐकायचे, बसायचे नाहीत. टीम त्याला कायम ठेवणार असं बोललं जाऊ लागलं, आणि सरावात आपल्याच टीममधल्या एकाने मारलेली चकती गालाच्या हाडावर बसली. "मग?" मी विचारलं. "मग काही नाही. संपलं," तो म्हणाला आणि कप ठेवून कॉम्प्रेसरकडे गेला.

थंडीच्या दिवसांत तळावरच्या सोल्जरांची टीम आणि आमची टीम यांच्यात दर वर्षी सामना व्हायचा. मिठाच्या सपाट जमिनीवर तेल शिंपडून, रोलर फिरवून मैदान करायचे. त्या वर्षी सामन्याच्या आदल्या दिवशी आमचा गोवेकर गोलकीपर तापाने पडला. हमजाभाई थेट कारखान्यात आले. "यूसुफ, तुझा गोरा गोलमध्ये उभा राहायचा म्हणतोस ना? मग बोलव त्याला. नाहीतर मी टेलर माणूस उभा राहीन, आणि मग बघ तमाशा." मी डगला विचारलं. त्याने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो माझ्या खोलीवर आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "तू कुठे खेळतोस?"

"लेफ्ट बॅक."

"मग ऐक. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. काहीच नाही. डावीकडून जे येईल ते तू बघायचं आणि ओरडायचं."

मी त्याला आत बोलावून बसवलं, आणि उरलेली गोष्ट तेव्हा कळली. चकती लागल्यावर हाड जुळलं, पण डोळ्यासमोर आधी धुरकट आणि मग राखाडी झालं. त्याने कुणालाच सांगितलं नाही. खालच्या लीगमध्ये परत पाठवल्यावर पुढचा अख्खा हंगाम तो मान वळवून एका डोळ्यावर खेळला. डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून ठेवली होती. पण डावीकडून गोल व्हायला लागले. मग एक दिवस ड्रेसिंग रूममध्ये सगळे बूट बांधत असताना प्रशिक्षकाने काही न बोलता त्याच्या डावीकडून एक संत्रं फेकलं. अगदी हलकेच, लहान मुलाकडे फेकावं तसं. ते याच्या कानावर आपटलं. "मी काय केलं असेल?" डगने मला विचारलं. "संत्रं उचललं, सोललं, आणि खाल्लं. गोड होतं. मग पॅड काढून ठेवले." त्यानंतर तो बर्फावर उतरला नव्हता. वडील म्हणाले, माझ्याबरोबर रिंकवर काम कर. ते त्याला जमेना. रोज तोच बर्फ, आणि त्यावर दुसरे खेळणार... त्याने बर्फ करण्याचंच शिक्षण घेतलं आणि जिथे स्केटिंग होणं शक्य नाही अशा गावची नोकरी शोधली.

"इथे कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. कंपनीच्या डॉक्टरलाही नाही. एका डोळ्याच्या माणसाला ते मशीनपाशी उभं करणार नाहीत."

"मग साहेब, कशाला खेळता? मॅनेजर स्वतः येणार आहे बघायला."

त्याने क्रिकेटचे पॅड कुठे मिळतील ते विचारलं.

असा गोलकीपर आम्ही कधी बघितला नव्हता. आमचे गोलकीपर उभे राहून पायाने चेंडू अडवायचे. हा गुडघ्यांवर पडायचा, आडवा व्हायचा, छातीने अडवायचा, आणि पुन्हा उठून पहिल्यासारखा वाकून उभा. तेल-मातीने तो काळा झाला होता. मी डावीकडे उभा राहून "लेफ्ट, साहेब, लेफ्ट!" असा घसा फोडत होतो. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. सोल्जर आपसात कुजबुजायला लागले, हा आणला कुठून? हमजाभाई खजूर वाटत फिरत होते, जणू जिंकलोच. मग दुसऱ्या सत्रात एक फटका त्यांच्याच एका खेळाडूच्या स्टिकला लागून उडाला, दिशा बदलून डावीकडून आला, आणि मी तोंड उघडायच्या आत डगच्या कपाळावर बसला. तो खाली कोसळला. चेंडू बाहेर गेला होता, पण भुवई फाटून रक्त येत होतं.

तळावरचा मलमपट्टीवाला सोल्जर धावत आला. खेळाडू गोल करून उभे राहिले, मॅनेजरही येऊन उभा राहिला. सोल्जरने रक्त पुसलं, मग नेहमीच्या पद्धतीने तळव्याने डगचा उजवा डोळा झाकला आणि डाव्यासमोर बोटं धरली. "किती?"

तो काहीतरी आकडा सांगू शकला असता. दोन म्हटलं असतं तर कदाचित खपलंही असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काही दिसत नाही. आजचं नाही हे. कित्येक वर्षं झाली."

सोल्जरने हात काढला. डगने भुवईवर पट्टी बांधून घेतली, उठला, आणि परत गोलमध्ये जाऊन उभा राहिला. आता तळावरच्यांना कळलं होतं, त्यामुळे ते सरळ डावीकडूनच हल्ले करू लागले. त्यात काही चूक नाही, खेळ आहे. मी ओरडत होतो, तो मला शिव्या देत होता, "जोरात ओरड, बहिरा नाही मी, आंधळा आहे!" आणि उरलेले सगळे त्या शिव्यांवर हसत होते. आम्ही एका गोलने हरलो. सामना संपल्यावर तो गोलच्या खांबाला टेकून मातीत बसला. त्याचे दोन्ही गुडघे सोलले होते. हमजाभाईंनी त्याच्या हातात चहा दिला. "साहेब, पुढच्या शुक्रवारी?" "नक्की," तो म्हणाला.

पुढचा शुक्रवार आला नाही. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. अमोनियाच्या मशीनवर एका डोळ्याचा माणूस चालणार नाही. दुसरं काम देतो म्हणाला, टेबलावरचं. डगने नको म्हटलं. मला वाटलं होतं तो खचेल. पण सामान बांधताना तो म्हणाला, "वडिलांना आता ती पिंपं ओढवत नाहीत, यूसुफ. मला वाटतं आता मला जमेल." विमानतळ गावाला लागूनच होता. आम्ही सगळे कारखान्याच्या ट्रकमधून सोडायला गेलो.

तो गावी परतला, वडिलांच्या जागी रिंक सांभाळू लागला, लग्न केलं, गोलकीपर पोरांना शिकवलं. यातलं काही मला त्याच्या नाताळच्या कार्डांवरून कळत गेलं. मी इथेच राहिलो. बर्फाचा कारखाना बंद पडला, मग औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये बरीच वर्षं गेली. माझी धाकटी मुलगी लग्न होऊन टोरोंटोला गेली, तेव्हा एकदा तिकडे जाणं झालं, आणि जावयाने मला गाडीने त्याच्या गावापर्यंत नेलं. मी प्रथमच त्याला "डग" म्हणून हाक मारली. त्याचे केस गेले होते. "लेफ्ट!" तो ओरडला आणि मला कवेत घेतलं.

संध्याकाळी तो मला रिंकवर घेऊन गेला. पिंपांच्या जागी आता पाणी पसरणारी गाडी होती, पण तो ती सावकाश, फार सावकाश चालवायचा. कठड्याशी शाळकरी पोरं-पोरी स्केट्स बांधून, अधीर होऊन उभी होती. बर्फ गोठेपर्यंत एकही जण आत पाय टाकत नव्हता. डग वाकला, तळहात टेकवून बघितला, आणि मान वर करून मोठ्याने म्हणाला, "यल्ला!" सगळी पोरं एकदम बर्फावर सुटली.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. शारजात साच्यातून लादी सोडताना आम्ही असंच ओरडायचो; अरबीत 'यल्ला' म्हणजे चला. "अर्थ माहीत आहे का यांना?" मी विचारलं. "छे! हा आईस हॉकीतला जुना शब्द आहे असं वाटतं त्यांना. त्यांच्या आईबापांनाही तसंच वाटायचं. मी कशाला सांगू?"

गेल्या आठवड्यात मार्गारेटशी फोनवर बोललो. रिंकवर आता एक तरुण माणूस ठेवला आहे. पहिल्या दिवशी त्याने बर्फ केला, गाडी आत नेली, दार लावून घेतलं आणि बाहेर येऊन बघतो तर पोरं कठड्याशी तशीच उभी. त्याने "जा" म्हटलं. कुणी हललं नाही. मग एका लहान मुलीने त्याला काय म्हणायचं ते शिकवलं. तो अजून चुकीचंच म्हणतो, मार्गारेट म्हणाली, 'य' फार लांबवतो... पण पोरं धावतात.