मॉडेमवरचं कापड

मालवणच्या घरी ब्रॉडबँड मीच घेऊन दिलं, पुण्याहून कॉम्प्युटरवर बोलता यावं म्हणून. बाबा दर वेळी विचारायचे, "चतुर्थीक येतलंस मा?" माझं उत्तर उशिरा पोचायचं. "लाईन स्लो आसा," असं ते आईला सांगायचे, आणि मी त्यांना तसं समजू द्यायचो.

मे महिन्यात घरी गेलो तर टीव्हीसारखंच मॉडेमलाही आईने शिवलेलं कापड घातलेलं. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून आमच्याकडे सगळंच झाकतात. आत मॉडेम तव्यासारखा तापला होता. तो तापला की बोलण्याचे तुकडे वाटेत गळतात आणि पुन्हा मागवण्यात वेळ जातो. मी कापड ओढून काढलं, वर आईलाच चार शब्द सुनावले.

पुण्याला परतल्यावर बाबांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा लगेच आला. "चतुर्थीक येतलंस मा?"

"बघतो" म्हणायला मला नेहमीइतकाच वेळ लागला. बाबांच्या मागून आईने हळूच विचारलं, "मॉडेमार कापड परत घालू काय रे?"