दगडाला दगडाचा रंग

कारंजा गावातल्या आमच्या दगडी बंगल्याला मी रंग दिला, ही गोष्ट आता सरकारी फायलीत कायमची नोंदली गेली आहे.

'आमच्या' म्हटलं खरं, पण बंगला माझ्या बायकोचा, म्हणजे शोभाचा. कापसाच्या एका जुन्या व्यापाऱ्यानं तो बांधला, पुढे माझ्या सासऱ्यांनी विकत घेतला. शोभा एकुलती एक लेक, म्हणून मी घरजावई! काळ्या दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंती, ओसरीला पाच कमानी, आणि वरचा सज्जा डोक्यावर तोलून धरलेले सहा दगडी मोर. एवढं वैभव असल्यामुळे पुरातत्त्व खात्यानं बंगला 'संरक्षित' ठरवला आणि फाटकावर पाटी लागली. तेव्हापासून परवानगीशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकता येत नाही. (आमच्या लग्नाचा फोटो इतकी वर्षं कपाटाला आडवा टेकून आहे. मी त्यात आडवाच दिसतो.)

बाकी सगळं ठणठणीत होतं, फक्त स्वयंपाकघराचं छत गळायचं. शोभा पावसाळाभर एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं पोळ्या उलटायची. छताला आम्ही हात लावायचा नाही, ते खात्यानंच दुरुस्त करायचं. अर्ज करून करून माझं अक्षर सुधारलं, पण छत जसंच्या तसं! शेवटी या उन्हाळ्यात पत्र आलं, की आठ दिवसांत खात्याच्या मॅडम पाहणीला येतील. पाहणी नीट झाली, तर बंगला दुरुस्तीच्या यादीत जाईल.

"यंदा छत झालं नाई ना," शोभानं मला बजावलं, "तं मी पावसाळाभर किन्हीराजाले मावशीकडे जाऊन राहीन. तुमी बसा इथं छत्रीत भाकरी थापत!"

मला भाकरी थापता येत नाही. छत्रीतही नाही आणि छत्रीबाहेरही नाही. म्हणजे ही पाहणी पार पडणं हा माझ्या पोटाचा प्रश्न होता.

आता आमच्याकडे घर पाहायला कोणी येणार म्हटलं, की पहिलं काम रंगाचं. लेकीला पाहायला पाहुणे येणार असोत, नाहीतर दिवाळी असो, रंग हा झालाच पाहिजे! त्यात मी चित्रकलेचा मास्तर. धनजच्या शाळेत जन्मभर पोरांच्या कागदावर सफरचंदं रंगवली, आणि निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. परवानगी खिळ्याला लागते, रंगाला कसली? दुसऱ्याच दिवशी मी रहीमभाईंना बोलावलं. ते गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवतात, माझे जुने दोस्त.

"काळा ऑइलपेंट, रहीमभाई. एकदम चमकदार!"

रहीमभाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. "मास्तर, दगड तं आदीच काया हाये. दगडाले दगडाचाच रंग कायले लावून राह्यले?"

"जुना दिसतो हो."

"जुनाच हाये नं!"

"पण पाहुणे येतायत!"

रहीमभाईंनी डबा उघडला. पाहुणे येणार म्हटल्यावर कोणता वऱ्हाडी माणूस वाद घालेल?

शोभा मागच्या अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होती. तिनं तिथूनच विचारलं, "मॅडमनं रंग मांगितला काय?"

"अगं, असं मागून घ्यायचं असतं का? आपण समजून घ्यायचं!"

"काय समजायचं ते समोर समजा. मांगच्या भितीले हात लावला तं पाहा! माह्या कुरडया वाळून राह्यल्या. वासानं खराब होतीन."

मागची भिंत राहिली, याचं मला फार वाईट वाटलं. (हे लक्षात ठेवा.)

चार दिवसांत पुढची आणि दोन्ही बाजूंच्या भिंती अशा चमकायला लागल्या, की त्यात मला माझं टक्कल दिसलं. मग मी बारीक ब्रश घेतला आणि प्रत्येक दगडाभोवती पांढरी रेघ मारायला बसलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या जुन्या कारागिरानं सगळे दगड काही एका मापाचे बसवलेले नाहीत. एक लांब, एक आखूड, एक जरासा तिरपा. मास्तराचा जीव तो! मी दगडांकडे दुर्लक्ष केलं आणि पट्टी लावून सरळ रेघा मारल्या. कारागिराची चूक मी अशी दुरुस्त केली.

राहता राहिले मोर.

"मोर काळा बरा दिसतो का, रहीमभाई?"

"आता काय पुसता, मास्तर? द्या तो निळा डबा!"

सहा मोर निळे-हिरवे झाले. त्यांना डोळेही काढले. शेवटच्याच्या वेळी शिडी जरा हलली, त्यामुळे तो तिरळा झाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयानं बघायला लागला. पण एकूण बंगला असा खुलला, की मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन, हात मागे बांधून, तो अर्धा तास पाहत उभा राहिलो.

मॅडम आल्या. फाटकात थांबल्या. भिंतींकडे बघतच राहिल्या, म्हणून मला वाटलं, भारावल्या!

"या... टाइल्स लावल्यात तुम्ही?"

"छे छे! अस्सल दगड आहे, मॅडम. वरून फक्त दगडाचा रंग दिलाय."

"कोणी दिला?"

"मी!" मी छाती पुढे काढून म्हणालो आणि कौतुकाची वाट पाहू लागलो.

मॅडमनी डोळे मिटले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो सर, मूळ दगड, त्यावरची छिन्नीची घडण, सांध्यांतला चुना, हेच तर पाहायला मी आले होते. ते दिसतच नसेल, तर अहवालात लिहू काय? ही फाइल परत जाईल."

माझ्या डोळ्यांपुढे छत्री आणि भाकरी एकदमच आली. "काढतो, मॅडम! आत्ता काढतो! थिनर आणतो!"

"थिनर नको!"

"मग तारेचा ब्रश?"

"अजिबात नको! दगड खरवडला जाईल."

"अ‍ॅसिड?"

मॅडम ओसरीच्या पायरीवर मटकन बसल्या. "सर, तुम्ही काहीही करू नका. प्लीज."

"हेच मी यायले लग्न झालं तवापासून सांगून राह्यली!" शोभा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं मॅडमना पाणी दिलं, माझ्याकडे असं पाहिलं की तो तिरळा मोर मला दयाळू वाटला, आणि म्हणाली, "मॅडम, जरा मांगं येता काय? पण कुरडयाईवर पाय देऊ नका."

मागं कुरडयांची खाट होती, दोरीवर लुगडी होती, आणि त्यांच्यामागे भिंत होती. जशी बांधली तशी. शोभानं लुगडी बाजूला सारली, तशा मॅडम अक्षरशः गुडघ्यांवर बसल्या. प्रत्येक दगडावर छिन्नीचे बारीक तिरपे घाव होते. सांध्यांत जुना चुना घट्ट होता. आणि खाली कोपऱ्यातल्या दगडावर कोणा कारागिरानं एक इवलासा पोपट कोरून ठेवला होता!

"हा पोपट किती वर्षांपासून आहे?" मॅडमनी मला विचारलं.

तो मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. कपडे वाळत घालायला मी कधी मागे गेलोच नव्हतो.

"माह्या लहानपणापासून हाये," शोभा म्हणाली. "कपडे वाळू घालतानी मी बोलतो त्याच्यासंग." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "तो आयकते तरी."

मला खरंच लाज वाटली. मग मॅडमनी शोभानं तळलेल्या चार-पाच कुरडया मन लावून खाल्ल्या आणि त्या एका भिंतीच्या जोरावर फाइल पुढे पाठवली.

पावसाळ्याआधी छत झालं. शोभाची छत्री माळ्यावर गेली. पुढचा रंग खात्याची माणसं पाण्यानं आणि मऊ ब्रशानं अजून हळूहळू काढतायत, आणि मला त्यांच्यापासून दहा हात लांब खुर्ची टाकून बसायची परवानगी आहे. बसतो मी. बरं वाटतं.

हल्ली बंगला बघायला लोक येतात. परवा एका पाहुण्यानं विचारलं, "या घरातली मुळापासून जशीच्या तशी टिकलेली गोष्ट कोणती हो?" मी घसा साफ करून पोपटाची माहिती सांगणार, तेवढ्यात कोरड्या स्वयंपाकघरातून शोभाचा आवाज आला.

"यायचं येडेपण! त्याले अजून कोनी हात लावला नाई!"

पाहुण्यानं आधी माझा फोटो काढला, मग पोपटाचा.