हिरव्या टिकांची फायरवॉल

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात इंटरनेट नवीन होतं, तेव्हा फायरवॉल फक्त आमच्या सीनियर सरांनाच जमायची. बाहेरून काय आत येऊ द्यायचं, काय अडवायचं, याचे नियम ते काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करून लिहायचे. पन्नाशीचे होते. मी टायपिस्ट म्हणून लागले होते; काही विचारलं की म्हणायचे, "मॅडम, ही टायपिंगची परीक्षा नाही." बाकीचे हसायचे.

एका मासिकासोबत आलेल्या सीडीत मला एक फुकट प्रोग्राम सापडला. त्यात सगळे नियम तक्त्यात दिसायचे. परवानगीला हिरवी टिक, बंदीला लाल फुली; माउसनं निवडलं की झालं. सरांना मी सांगितलं नाही. थेट साहेबांना दाखवलं.

साहेबांनी सरांना सगळ्यांसमोर बोलावलं. "मॅडमनं हे अर्ध्या तासात केलं. तुम्ही आठवडा लावता. बसा, करून दाखवा."

सरांना माउसची सवयच नव्हती. पडद्यावरचा बाण भलतीकडेच जायचा. मी मोठ्यानं म्हणाले, "सर, ही टायपिंगची परीक्षा नाही हो." या वेळी लोक माझ्या बाजूनं हसले. फार बरं वाटलं मला.

काम माझ्याकडे आलं. सरांना गेटवर गाड्यांच्या नोंदी करायला बसवलं. पंधरा दिवसांत निम्मे संगणक व्हायरसनं बंद पडले. "सरांच्या जुन्या नियमांत चूक होती," मी साहेबांना सांगितलं. चूक कुठे होती, हे मला माहीतच नव्हतं. त्याच दुपारी सरांकडून राजीनामा लिहून घेतला गेला.

जाताना ते माझ्या टेबलाशी आले. तक्ता बघत राहिले.

"मॅडम, नियम वरून खाली लागू होतात. 'सगळ्यांना येऊ द्या' हा तुमचा नियम सगळ्यात वर आहे. खालच्या बंदीपर्यंत गोष्ट जातच नाही."

त्यांनी माउस घेतला, सावकाश ती ओळ पुसली. "प्रोग्राम चांगला आहे. मला शिकायला आवडलं असतं."

साहेब शेजारच्या केबिनमध्येच होते. खरं सांगायला मी उठले नाही. पुढे बढतीच्या मुलाखतीत 'व्हायरस कसा रोखला' असं विचारलं, तेव्हा नियमांचा क्रम मी अगदी सविस्तर समजावून सांगितला.