साखळी खुंटीवर, ट्रॅक्टर दारात

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. या ग्रुपवर कुणी अनुभव टाकला की त्याखाली "जागरण कमी करा" किंवा "चष्म्याचा नंबर तपासून घ्या" अशी कमेंट टाकणारा जो आगाऊ माणूस आहे, तो मीच. भूत, चकवा, अंगात येणं यातलं काहीही मी कधी मानलेलं नाही... आजही मानत नाही. तरी हे लिहितोय, कारण महिनाभर डोकं खाजवूनही मला यातलं ओ की ठो कळलेलं नाही. खेचा हवं तेवढं, पण पूर्ण वाचून मग खेचा.

मी सुरतेत बमरोलीला राहतो आणि पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये डिस्पॅच बघतो. माझे वडील, अप्पा, साक्री तालुक्यातून इथे लूम चालवायला आले आणि लूमच्या खडखडाटातच म्हातारे झाले. आई गेल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता — मला गावी जाऊन राहू दे. गावी थोडी जमीन आहे, घर आहे, पण घरात दिवा लावायलाही कुणी नाही. त्यात मध्यंतरी अप्पांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. चालतात, बोलतात, सगळं करतात, पण डाव्या हातात जोर राहिलेला नाही. शर्टाची बटणं लावतानासुद्धा चिडतात. असा माणूस एकटा गावी राहणार म्हटल्यावर कोणता मुलगा हो म्हणेल? मी नाहीच म्हणत होतो. कधी समजावून, कधी आवाज चढवून.

आणि मग एक दिवस कळलं की अप्पांनी ट्रॅक्टर घेतलाय.

चलथाणच्या पुढे, ऊसवाल्यांच्या एका गावात ईश्वरभाई म्हणून शेतकरी आहेत. त्यांचे वडील वारल्यापासून त्यांचा जुना ट्रॅक्टर वाडीत नुसता उभा होता. इंजिन जाम, रंग उडालेला, सीटवर कोंबड्या बसायच्या. अप्पा मला न सांगता बसने जाऊन तो बघून आले होते आणि सौदाही करून आले होते. मी भडकलो. माझी बायको मनीषा मध्ये पडली नसती तर त्या दिवशी आम्ही बापलेक नको ते बोलून बसलो असतो.

शेवटी तोड अप्पांनीच काढली. आम्ही घरात अहिराणीच बोलतो (मनीषा नाशिककडची, तिला समजते पण बोलता येत नाही). अप्पा म्हणाले, "मी सोता त्यावर बसीसन घर लई येसू. रस्तामा अडना, ते मी परत गावनं नाव लेवाव नही. आणि ऊना, ते माले कोणी अडावानं नही."

म्हणजे, रस्त्यात अडला तर गावाचा विषय बंद. घरापर्यंत आला तर मी त्यांना अडवायचं नाही. मी लगेच हो म्हणालो. तो सांगाडा आधी बघून आलो होतो ना. बमरोली सोडा, तो कडोदऱ्यापर्यंत येईल असंही मला वाटत नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला अप्पांच्या ओळखीचं गॅरेज आहे, तिथे इंजिन करून पुढे तो गावी न्यायचा, असा त्यांचा बेत होता. माझ्या मते हा बेत त्याच दिवशी संपणार होता.

मी म्हटलं, क्रेन लावून ट्रकमध्ये टाकू. अप्पा म्हणाले, नाही. आमच्याकडे विकत घेतलेला बैल गाडीतून उतरवून दारात आणत नाहीत. "जनावर आपला पायवरी दारम्हा येवाले जोयजे." ट्रॅक्टरला पाय नसतात हे सांगून उपयोग नव्हता. मग मित्राची पिकअप घेतली. मी पिकअप चालवणार, मागे साखळीने बांधलेला ट्रॅक्टर, आणि त्याच्या स्टिअरिंगवर अप्पा. एखादा ड्रायव्हर बसवतो म्हटलं तर माझ्याशी बोलेनात.

रविवारी सकाळी मी, मनीषा आणि अप्पा ईश्वरभाईंच्या वाडीत पोचलो. साखर कारखाना चालू होता, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता आणि हवेत मळीचा तो गोडसर आंबूस वास होता. अप्पांनी पिशवीतून नवंकोरं सुती दावं काढलं. हे मला नवीन होतं. आमच्याकडे बैल विकला की विकणारा आपलं दावं सोडून घेतो आणि ठेवून देतो. घेणाऱ्याने स्वतःचं नवीन दावं आणायचं आणि ते बांधून जनावर न्यायचं. जुन्या मालकाच्या दाव्यासकट जनावर आणलं तर त्याचा जीव मागेच राहतो म्हणतात. अप्पांनी एका हाताने आणि दातांनी गाठ मारत ते दावं ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलला बांधलं, आणि उरलेली दोरी बॉनेटवर गुंडाळून ठेवली.

ईश्वरभाई हसले. "काका, आ ट्रॅक्टर छे, बळद नथी."

अप्पाही हसले, पण दावं सोडलं नाही. ईश्वरभाईंच्या बायकोने बिचारीने चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं.

घोळ पुढे झाला. मी जी साखळी आणली होती तिचा आकडा पिकअपच्या हुकात बसेना. ईश्वरभाईंनी शेडमधल्या खुंटीवरची त्यांची जाड साखळी काढून दिली. "लई जाओ, पछी मोकली आपजो." घेऊन जा, नंतर पाठवून द्या म्हणाले. याच साखळीने त्यांचे वडील चिखलात रुतलेल्या ट्रॉल्या ओढायचे, असंही सांगितलं.

अप्पांचा चेहरा उतरला. "ते त्यासनं दावं शे," मला बाजूला घेऊन म्हणाले. "आपले नको."

"अप्पा, दोनेक टनांचं धूड आहे. तुमच्या सुतळीने ओढू का?"

मी साखळी लावली, दोन्हीकडचे आकडे स्वतः ओढून पाहिले, अप्पांना काखेत धरून वर चढवलं — एकट्याने त्यांना चढता-उतरता येत नाही, हे लक्षात ठेवा — आणि निघालो.

कडोदऱ्याच्या चौकाअलीकडे एकदा थांबलो. मनीषाने खाली उतरून अप्पांना पाणी दिलं आणि नणंदांना पाठवायला व्हिडिओ काढला. त्यात अप्पा डोक्याला टॉवेल बांधून ऐटीत बसलेत, आणि साखळी ताणलेली स्पष्ट दिसते. दावं बॉनेटवर गुंडाळलेलं आहे, तेही दिसतं. हा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यानंतर आम्ही कुठेही उतरलो नाही.

दिंडोलीच्या बाजूने येऊन रेल्वेच्या पुलावर चढलो तेव्हा पिकअप रडायला लागली. दुसऱ्या गिअरमध्येही दम लागत होता. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी मनात म्हणत होतो, इथेच अडणार... आणि अचानक गाडी हलकी झाली. रिकामी गाडी जशी सुटते तशी. साखळी तुटली, अप्पा चढावावरून मागे त्या ट्रकवर जाणार, एवढंच डोक्यात आलं. आरशात पाहिलं तर अप्पा मागेच होते. तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वेगात. त्यांनी उजवा हात वर केला. मला वाटलं, चल चल म्हणतायत. मीही खिडकीतून हात काढून दाखवला.

"काय झालं?" मनीषाने विचारलं.

"काही नाही. गाडी हलकी लागतेय."

"मग बरंय ना."

पुलाच्या उतारावर ओढलेलं वाहन पुढच्याच्या अंगावर येतं. मी तयारीत होतो. तेही झालं नाही. पुढे पांडेसरा, साड्यांचे गठ्ठे भरलेले टेम्पो, रिक्षा, मग बमरोलीतली आमची वळणं — ट्रॅक्टर शहाण्यासारखा मागे येत राहिला आणि गाडीला ओझं म्हणून जाणवलं नाही. मी स्वतःला समजावलं की सपाट रस्ता आहे, चाकं मोकळी झाली असतील. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावतो.

दारात थांबलो. मनीषा आतून ताट घेऊन आली, चाकावर पाणी घालायला वाकली आणि तशीच राहिली.

"अहो, साखळी कुठंय?"

साखळी नव्हती. ट्रॅक्टरच्या एक्सलपासून पिकअपच्या हुकापर्यंत अप्पांचं ते सुती दावं होतं. नीट बांधलेलं. बॉनेटवर काही नव्हतं.

मी पिकअपखाली वाकून पाहिलं, हौद्यात पाहिलं, गल्लीच्या तोंडापर्यंत पळत जाऊन आलो. मग अप्पांवर ओरडलो, हे काय केलंत म्हणून. अप्पा वरूनच दाव्याकडे बघत होते. "मी हेटे उतरनूच नही," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं, कारण आत्तासुद्धा त्यांना खाली उतरवायला मलाच जावं लागलं.

साखळी वाटेत हरवली असं समजून मी ईश्वरभाईंना फोन केला. नवीन घेऊन देतो म्हणालो. पलीकडून ते म्हणाले, "सांकळ तो अहीं खूंटी पर ज छे. तमे क्यारे मूकी गया?" ते शेतातून दुपारी घरी आले तेव्हा ती जागेवर टांगलेली होती. आम्हीच परत येऊन ठेवून गेलो, असं त्यांना वाटलं होतं. घरात बायको होती, तिने कुणाला येताना पाहिलं नव्हतं. मी थट्टा समजून हसलो. त्यांनी फोटो पाठवला. तीच साखळी, तोच वाकलेला आकडा.

आता तुम्ही जे लिहिणार आहात ते मी आधीच करून पाहिलंय. कुणीतरी सिग्नलवर उतरून साखळी सोडली असेल? मग त्याने दोन टोकांना दावं बांधलं, अप्पांना दिसला नाही, आणि साखळी परत चलथाणच्या पुढे नेऊन खुंटीवर टांगली? का? दावंच मजबूत असेल? दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गॅरेजला न्यायचा होता, तेव्हा मी मुद्दाम त्याच दाव्याने ओढून पाहिला. पिकअप हातभरही पुढे गेली नसेल, तटकन तुटलं. मनीषा म्हणाली, "आता तरी बास करा." शेवटी गल्लीतल्या पोरांनी ढकलत नेला.

दाव्याचे तुकडे घेऊन घरात आलो तर अप्पा खाटेवर बसले होते. कालपासून ते नीट जेवले नव्हते. मला वाटलं होतं जिंकल्यासारखे वागतील, बॅग भरायला घेतील. पण तेही माझ्यासारखेच गोंधळलेले दिसत होते. मी शेजारी बसल्यावर हळूच म्हणाले, "पूलवर मन्हा हात सुटी गया व्हता."

चढावावर डावा हात बधिर झाला आणि स्टिअरिंगवरून घसरला. त्यांनी उजवा हात वर करून मला थांब म्हणून सांगितलं. चल नाही, थांब. मी खिडकीतून हात दाखवला तेव्हा स्टिअरिंगवर कुणाचाच हात नव्हता. त्याच क्षणी त्यांनी मनात म्हटलं होतं की झालं, संपलं, आता गाव नाही. त्यानंतर घरापर्यंत त्यांनी ना स्टिअरिंग धरलं, ना ब्रेक दाबला. डोळे मिटून, आईचं नाव घेत बसले होते.

त्या वळणांवर, त्या टेम्पोंमध्ये माझा बाप हात सोडून बसला होता आणि मी पुढे रेडिओ लावला होता.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पुढे लूमवर मुकादम होऊन चाळीस लोकांवर ओरडलेला माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"माले समजत नही. तूच सांग भाऊ... अडना का ऊना?"

मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती. तीही माझ्याकडे बघत होती. अडला की घरी आला, ठरवायचं मीच. मी अडला म्हटलं असतं तर अप्पांनी मानलं असतं. त्यांना मानायचंच होतं, असंही मला एकदा वाटलं. हात सुटला म्हणजे अडलाच की, एवढं सरळ होतं. आणि मला ते हवं होतं. मनापासून हवं होतं.

"ऊना, अप्पा," मी म्हणालो.

अप्पा आता गावी आहेत. इंजिन झालं, ट्रॅक्टर ट्रकने गेला, तिथे चुलतभाऊ तो चालवतो आणि अप्पा शेजारी मडगार्डवर बसतात. मी रोज फोन करतो. कधी आवाज खुशीत असतो, कधी नसतो. साखळी कशी गेली, दाव्याने ते धूड कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कमेंटमध्ये मिळेल असंही वाटत नाही. मला रोज छळतं ते वेगळंच आहे. एक शब्द दुसरा बोललो असतो, तर अप्पा आज इथे, घरात असते.