आत वळणारं बोट

मी विद्यापीठाच्या संगीत विभागात तबला शिकवते. आमचा विभाग रत्नागिरीच्या सड्यावर आहे. उघड्या कातळावरून दिवसभर वारा येतो, आणि पावसाळ्यात तबल्याची चामडी इतकी ओलावतात की कपाटात बल्ब पेटता ठेवावा लागतो. मी इथे लागले तेव्हा बाई तबला शिकवणार म्हटल्यावर पालक थोडे बिचकायचे. एका बापाने मला विचारलं होतं, "तबल्याचे सर कधी येतात?" मी म्हटलं, "आलेत. बसा." तो बसला आणि तास संपेपर्यंत ऐकून गेला.

विभागात गाणं शिकवणारी माझी मैत्रीण माझ्याहून थोडी मोठी. पहिल्या वर्षापासून तिच्या मागे मीच वाजवत आले. गणपतीपुळ्याच्या उत्सवात, भाट्याच्या हॉटेलांत पाहुण्यांसमोर, चिपळूण, कोल्हापूर, गोवा, जिथे तिचं गाणं तिथे माझा तबला. ती समेवर येण्याआधी डावा खांदा किंचित उचलते. ते तिला स्वतःला ठाऊक नव्हतं, मी सांगितल्यावर कळलं. लग्नाच्या नवऱ्याला जेवढं ओळखत नाही तेवढं मी तिच्या गाण्याला ओळखत होते.

बोटाचं सुरू झालं ते रियाजात. उजव्या हाताची अनामिका, करंगळीशेजारचं बोट. तबल्यावर ते स्वतः फारसं वाजवत नाही. मधल्या काळ्या शाईच्या कडेला हलकं टेकून राहतं आणि शेजारची तर्जनी किनारीवर पडते, तेव्हा कुठे स्वच्छ 'ना' निघतो. नवीन मुलाला आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो तो हाच बोल. माझं ते बोट टेकायचं सोडून तळव्याकडे वळायला लागलं. आधी द्रुतात, मग मध्यलयीत. मला वाटलं, गारठा असेल. तिळाचं तेल लावलं, शेकलं, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. जास्त बसले तसं जास्त वळलं.

माझ्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. त्याने आधी मलम आणलं, मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "हाड उत्तम आहे." नवऱ्याला हायसं वाटलं. मला नाही.

मैत्रिणीला मी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच मी मानत नव्हते. मग विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात तिने बंदिशीची लय वाढवली, आणि बोट आत गेलं ते बाहेर येईना. ते तसंच वळलेलं वर उचलून धरलं आणि नुसत्या तर्जनीने ठेका रेटत राहिले. 'ना'च्या जागी उघडा, घुमणारा आवाज येत होता. समोर बसलेल्यांपैकी किती जणांना कळलं असेल कोण जाणे. तिला लगेच कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण लय खाली आणली. इतक्या वर्षांत तिने चढवलेली लय कधी उतरवली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या लोकांचाच राग आला.

परत जाताना रिक्षात ती म्हणाली, "काय झालं गो?"

"बोट आत जातं."

"दुखतं?"

"नाही ना. दुखलं असतं तर बरं झालं असतं."

तिने माझा हात हातात घेतला, बोटं एकेक सरळ करून पाहिली. सगळी सरळ होत होती. मी मूठ उघडली, मिटली. काहीच बिघडलेलं नव्हतं. "थकलीयेस तू," ती म्हणाली.

कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नवरा घेऊन गेला. हातखंब्यापासून आंबा घाट चढून जाईपर्यंत तो गाडीत एकच सांगत होता, "तू मनावर घेतलंयस. भीती बसलीय." डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला लिहायला लावलं, गुंड्या लावायला लावल्या, नाणी उचलायला लावली. सगळं नीट. मग म्हणाले, "आता या टेबलावर तबला वाजवून दाखवा." मी 'धा धिं धिं धा' सुरू केलं आणि लाकडाच्या टेबलावरसुद्धा बोट वळलं. नवरा पाहत होता. त्यानंतर तो भीतीचं कधी बोलला नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हात चांगला आहे. मेंदूत प्रत्येक बोटाची आपापली जागा असते. वर्षानुवर्षं तेच ते बारीक काम केल्याने काही जणांच्या शेजारशेजारच्या बोटांच्या जागा एकमेकांत मिसळतात. मग एका बोटाला दिलेला हुकूम दुसरं ऐकतं. वादकांत हे होतं.

"बरं होतं का?"

"काहींचं सुधारतं. वेळ लागतो. तोपर्यंत वाजवणं बंद ठेवा. रियाज जितका कराल तितकं ते पक्कं होईल."

मी त्यांना पुन्हा विचारलं, नीट ऐकलं की नाही म्हणून. रियाजाने बिघडलं? ते म्हणाले, "तसंच म्हणा." माझे गुरुजी अंगात ताप असला तरी बसायला लावायचे. मीही माझ्या विद्यार्थ्यांना तेच सांगत आले होते. परतीच्या वाटेवर नवऱ्याने साखरप्यात चहाला गाडी थांबवली. मी उतरले नाही. तो चहा गाडीत घेऊन आला आणि ग्लास माझ्या डाव्या हातात दिला. "उजवा चांगला आहे," मी म्हटलं, आणि रडायला आलं.

खरोखरच चांगला होता. नारळ खवता यायचा, घावने उलटता यायचे, सुईत दोरा एका झटक्यात जायचा. फक्त तबला नाही. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, नाटक करते.

विभागप्रमुखांना मी जाऊन सगळं सांगितलं. भले गृहस्थ, त्यांनी रजा देऊ केली. मी नको म्हटलं. घरी बसून काय केलं असतं? वर्गात तोंडाने बोल म्हणायचे, हाताने ताल द्यायचा, आणि वाजवून दाखवायला एम.ए.च्या मुलीला बसवायचं, असं सुरू केलं. ती मुलगी राजापूरकडच्या खेड्यातली, मनापासून मेहनत करणारी. पहिल्या वर्षाची मुलं मात्र तिच्या हाताकडे बघायची आणि शंका मला विचारायची. एकीने सरळच म्हटलं, "मॅडम, तुम्ही एकदा वाजवा ना. तुमचा ऐकायचाय." एम.ए.ची मुलगी पटकन म्हणाली, "मॅडमचा हात दुखतोय." तिने ते माझ्या भल्यासाठीच केलं. पण माझ्या वतीने कोणी उत्तर द्यावं, ही वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

पावसाळा संपता संपता मैत्रीण घरी आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. कलमांना यंदा पालवी जास्त फुटलीय, मोहोराचं काही खरं नाही, वगैरे. मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "दिवाळीनंतर कोल्हापूरला बोलावलंय. मी दुसऱ्या कोणाला विचारू का?"

"विचार की."

"तू नाही म्हणालीस तर नाही जाणार मी."

"असं माझ्या गळ्यात घालू नकोस," मी म्हटलं. "गायचं तुला आहे. गा."

ती चहा न घेताच गेली. मी चिडून बोलले होते, पण खोटं बोलले नव्हते. ती माझ्यासाठी थांबली असती तर ते मला अधिक जड झालं असतं.

तिने सांगलीचा एक तबलजी घेतला. रत्नागिरीत त्यांचं पहिलं गाणं झालं तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसले. चांगला वाजवत होता तो, तयारीचा हात. पण तिचा खांदा उचललेला त्याला दिसत नव्हता, आणि दोनदा तो समेच्या अगदी जरासा आधी आला. तिने ते सांभाळून घेतलं. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "आज तुम्ही नाही?" मी म्हटलं, "आज ऐकायला आले." संपल्यावर आत गेले. ती घाम पुसत होती. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. चोरी सापडल्यासारखं काहीतरी.

"कसं झालं?" तिने विचारलं.

"छान गायलीस."

"आणि हा?"

तो तिथेच तबल्याला गवसणी बांधत होता. मी त्याला खांद्याचं सांगितलं. त्याने हात थांबवून नीट ऐकलं, पाया पडला. पुढच्या कार्यक्रमाला तो बरोबर समेवर होता, असं तिनेच फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन नुसती उभी राहिले. माझ्याकडे तिच्या गाण्यातली अशी एक गोष्ट होती जी दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि ती मी आपल्या हाताने देऊन आले होते. तरी दिली नसती तर घरी येऊन झोप लागली नसती, हेही खरं.

आता फिजिओथेरपिस्ट सांगते तसा सराव करते. उशीवर हात ठेवायचा, एक बोट टेकवायचं, थांबायचं. लय नाही, बोल नाही. तिने सांगितलंय, संगीत मनात आणू नका. ते मला फारसं जमत नाही. कधी बोट राहतं, कधी वळतं, आणि का ते कळत नाही. मैत्रीण विभागात रोज भेटते. आम्ही डबा एकत्र खातो. ती तिच्या कार्यक्रमांबद्दल आपणहून बोलत नाही, मग मीच विचारते, तेव्हा मोजकं सांगते. परवा तिने विचारलं, "जूनपासून माझ्या वर्गाला लयकारी शिकवशील का? हाताने ताल धरून. मुलांना गाताना लय कळत नाही." तबल्याच्या बाईला गाण्याच्या वर्गात बसवायचं म्हणजे दया आहे की गरज, हे मी तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचा प्रयत्न केला. ठरलं नाही. मी हो म्हटलं.